भेट म्हणून दिलेलं भाडं

मालिनीकाकूंना कुणी आभार मानलेले आवडत नाहीत. कुणी 'थँक यू' म्हटलं की हातातलं काम थांबवून त्या वर बघतात आणि विचारतात, "म्हणजे आता संपलं का?" पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं तेव्हा मला रागच आला होता. मी नागपूरची. फटकळपणात मला कुणी मागे टाकलेलं सहसा खपत नाही. म्हणून त्यांच्याबद्दलचं हे लिखाण त्यांना न सांगताच करते आहे. त्यांच्या हाती पडलं तर त्या म्हणतील, एवढे कागद कशाला वाया घालवलेस?

काकू मूळच्या अकोल्याच्या. १९८२ साली नवऱ्याबरोबर, म्हणजे शशिकांतकाकांबरोबर, ॲरिझोनात चँडलरला आल्या. काका तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात टेक्निशियन होते. पुढे चँडलरमध्ये मराठी माणसं वाढली आणि त्यातला जो तो इंजिनियर निघाला. मग काकांनाही कुणी इंजिनियर म्हटलं की काकू लगेच दुरुस्त करायच्या, "छे हो, आमचे हे पाना घेऊन मशीनखाली झोपणारे." यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, उलट थोडी ऐटच असायची.

मूलबाळ नव्हतं. घरात एक खोली जास्तीची होती, ती कधी रिकामी राहिली नाही. नवीन नोकरीवर आलेला, गाडी नसलेला, स्वयंपाक न येणारा कुणीतरी मराठी मुलगा तिथे असायचाच. त्यातला एक माझा नवरा, श्रीरंग. १९८५ साली तो चौदा महिने काकूंकडे राहिला. आमचं लग्न झालं तेव्हा आईच्या हातच्या वरणाच्या बरोबरीने त्याने मला काकूंच्या वरणाचं वर्णन ऐकवलं होतं. मी तेव्हाच ठरवलं की या बाईशी आपलं जमायचं नाही.

१९९९ मध्ये शशिकांतकाका गेले. काकू तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. चँडलरमध्ये गाडी चालवता न येणं म्हणजे घरात कोंडून घेणं. भारतातल्या नातेवाइकांनी घर विकून परत यायला सांगितलं. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं. मग जवळच्या प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी धरली. अजूनही तिथेच आहेत. केसांना जाळी लावून दोनशे मुलांना रोज वाढतात. भाजी न घेता पुढे सरकणाऱ्या मुलांना मराठीतून दम देतात, आणि मुलांना म्हणे तो बरोबर कळतो. अंगणात एक कढीपत्त्याचं झाड आहे. उन्हाळ्यात पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर गेला की काकू त्याच्यावर जुनं सुती लुगडं घालतात. शेजारची अमेरिकन बाई आधी त्याला काहीतरी धार्मिक विधी समजायची.

तोपर्यंत आम्ही न्यू जर्सीत जर्सी सिटीला आलो होतो. श्रीरंगची नोकरी मॅनहॅटनमध्ये होती. २००१ च्या शेवटी त्याने कुठेतरी वाचलं, की मुलांच्या कॉलेजसाठी उघडलेल्या बचत खात्यातली वाढ पुढच्या वर्षापासून पूर्ण करमुक्त होणार, फक्त पैसे शिक्षणावरच खर्च व्हायला हवेत. दुसऱ्या दिवशी त्याने इशिताच्या नावाने खातं उघडलं आणि महिन्याला दोनशे डॉलर टाकायला लागला. मी तेव्हा वैतागले होते. घरात सोफा नव्हता, आणि हा तेरा वर्षांच्या पोरीच्या कॉलेजची तजवीज करत होता. २००३ च्या जानेवारीत त्याचं दुखणं निघालं आणि सप्टेंबरात तो गेला. विम्याच्या पैशातून थोडे मी त्या खात्यात टाकले, बाकीचे घराला लागले. मी एका ऑफिसात क्लेम्सच्या फाइली बघायचं काम करत होते, तेच पुढे चालू ठेवलं. सोफा नव्हता याचा राग कधी गेला ते कळलंच नाही. आज त्या खात्याचं नाव निघालं तरी मी मनात त्याच्या पाया पडते.

२००६ मध्ये इशिताला चँडलरच्या शेजारच्या गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मार्कांवर थोडी स्कॉलरशिप, आणि शिवाय घरच्या उत्पन्नाकडे बघून दरवर्षी चार हजार डॉलरची ग्रँट. ग्रँटची अट सरळ होती. घरातलं वार्षिक उत्पन्न एका ठरलेल्या आकड्याच्या आत हवं, आणि दर एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्नची प्रत लावून ते सिद्ध करायचं. ती ग्रँट होती म्हणून गणित बसत होतं. ती गेली असती तर बसत नव्हतं.

काकूंना बातमी कळली तशी त्यांचा फोन आला.

"पोर माझ्याकडे राहील. बस दारावरून जाते कॉलेजला."

"काकू, पण मग महिन्याला किती देऊ?"

 पलीकडून आवाज आला, "मृणालिनी, श्रीरंगच्या पोरीच्या ताटाचं बिल करू का मी?"

हट्ट धरणं शक्य नव्हतं. पण फुकट घेणंही माझ्याच्याने होईना. श्रीरंग गेल्यापासून मी एक नेम केला होता, कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. कुणी डब्यात भाजी दिली तर डबा रिकामा परत जायचा नाही. कुणी गाडीने सोडलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात केक. लोकांना माझा हा ताठा कळत असेल, पण बिचारे बोलत नसत. तर मी युक्ती काढली. इशिता ऑगस्टच्या मध्याला काकूंकडे गेली आणि महिनाअखेरीला मी काकूंना पाचशे एक डॉलरचा चेक पाठवला. चेकच्या खालच्या कोपऱ्यात, कशासाठी ते लिहायच्या ओळीवर, लिहिलं, 'गिफ्ट, गणपती'. वरचा एक मुद्दाम, म्हणजे ती भेटच आहे याबद्दल शंका नको. सणाची भेट नाही कशी म्हणतील?

काकू काही बोलल्या नाहीत. चेक वटला. सप्टेंबरात 'गिफ्ट, नवरात्र'. ऑक्टोबरात दिवाळी होतीच. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न. डिसेंबरात जरा डोकं खाजवावं लागलं, पण कॅलेंडरात दत्तजयंती सापडली. पाचही चेक वटले. मला वाटलं, काकूंना हरवलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्याच डिसेंबरात मी दुसरा शहाणपणा केला. इशिताच्या पुढच्या सत्राची फी जानेवारीत भरायची होती. ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा होऊन पक्कं बिल जानेवारीतच येतं. पैसे खात्यातून काढायचे ते बिल आल्यावर काढायचे, एवढं साधं होतं. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. गुरुवार, एकवीस डिसेंबरपासून पौष. एरवी मी असलं फारसं पाळत नाही. मंगळवारी नखं कापते, अमावस्येला प्रवास करते. पण श्रीरंगचं दुखणं पौषात निघालं होतं, आणि तेव्हापासून त्या महिन्याला मी घाबरते. त्याने जमवलेली ठेव पौषात मोडायची हे मनाला पटेना. म्हणून सोमवारी, अठरा तारखेलाच, फोन करून सहा हजार काढायला सांगितले. चेक टपालाने नाताळानंतर हातात आला. बिल आलं आणि नऊ जानेवारीला मी फी भरली. ठेव मोडली मार्गशीर्षात, देणं दिलं पौषात. देणं फेडायला मुहूर्त लागत नाही. मला यात कुठेही चूक दिसत नव्हती.

चूक दाखवली गुरुनाथकाकांनी. हे जर्सी सिटीतले सत्तरीचे निवृत्त अकाउंटंट. आमच्या ओळखीतल्या पंधरा-वीस घरांचे टॅक्स रिटर्न जेवणाच्या टेबलावर बसून करून देतात. पैसे घेत नाहीत, घरची शेंगदाण्याची चटणी घेतात. "आणि ती मी उत्पन्नात दाखवत नाही," असं दरवर्षी एकदा म्हणून स्वतःच हसतात. २००७ च्या एप्रिलमधला पहिला शनिवार. मी चटणी आणि कागद घेऊन गेले. त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. एक बचत खात्याकडून आलेला, वर्षभरात किती काढले ते सांगणारा. दुसरा मी केलेली फीची यादी. मग चष्मा काढला. गुरुनाथकाकांनी चष्मा काढला की समजावं काहीतरी बिघडलंय.

"मृणालिनी, डिसेंबरात काढलेले सहा हजार कुठायत?"

"फी भरली की."

"केव्हा?"

"नऊ जानेवारीला."

"कशाला थांबलीस? आणि थांबायचंच होतं तर आधी काढलेस कशाला?"

मी पौषाचं सांगितलं. गुरुनाथकाकांनी चष्मा पुन्हा लावला. मग शांतपणे म्हणाले, "अगं, आपला पौष एकवीस तारखेला लागला असेल. सरकारचं वर्ष एकतीसला संपलं. ज्या कॅलेंडर वर्षात पैसे काढले, त्याच वर्षातला खर्च धरतात. जानेवारीतली फी गेल्या वर्षाला चालत नाही."

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. गेल्या वर्षी दोन वेळा मिळून बारा हजार काढले. त्यात मूळ पैसे आठ हजार चारशे, वाढ छत्तीसशे. त्या वर्षातला शिक्षणाचा खर्च, पुस्तकांसकट, सहाच हजार. म्हणजे कागदावर अर्धे पैसे शिक्षणाला गेले आणि अर्धे असेच. मग वाढीतला अर्धा भाग, अठराशे डॉलर, माझं उत्पन्न धरलं जाणार. वर थोडा दंड.

"दंड भरते मी, काका."

"दंडाचं सोड. ग्रँटच्या आकड्याच्या तू अकराशे डॉलर आत आहेस. हे अठराशे आले की सातशेने बाहेर."

मला ऐकू आलं ते एवढंच, बाहेर. पुढचं ते काय बोलले ते मला दोनदा विचारावं लागलं. ते विचारत होते, पोर राहते कुठे? राहण्या-जेवणाचा खर्चही शिक्षणाचाच धरतात, तो तू यादीत लिहिलाच नाहीस.

"काकू पैसे घेत नाहीत," मी म्हटलं.

गुरुनाथकाका बँकेचे कागद चाळत होते. "मग हे पाचशे एक कसले? ऑगस्ट, सप्टेंबर…" चेकच्या प्रती डोळ्यांजवळ नेऊन ते वाचायला लागले. "गणपती. नवरात्र. दिवाळी. तुळशीचं लग्न. अगं, दत्तजयंतीला पाचशे एक डॉलर कोण देतं?"

मी खालमानेने सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना आणि रागही आवरेना. म्हणाले, "खोली दिली, जेवू घातलं, तू दर महिन्याला मोजून पैसे दिलेस. हे भाडंच झालं. पण तुझ्याच अक्षरात 'गिफ्ट' लिहिलंय. पैसे घेणारीने भाडं म्हणून घेतले, असा तिचा कागद आण. आहे तसा खरा कागद हवा हं, आज बसून जुन्या तारखा घालून लिहिलेला मला चालणार नाही. आणि त्या बाईंनी हे उत्पन्न दाखवलं नसेल, तर तिकडे त्या अडचणीत येतील, हेही लक्षात ठेव. सतरा तारखेच्या आत सांग."

मी घरी आले. फोन उचलला आणि ठेवला. काय बोलणार होते मी? 'काकू, तुम्ही माझ्या पोरीच्या ताटाचं बिल केलं नाहीत, पण आता करून द्या'? आणि कॅफेटेरियात उभं राहून पोट भरणाऱ्या बाईला, माझ्या पौषापायी, माझ्या ताठ्यापायी, सरकारच्या तोंडी देऊ? भेट म्हणून दिलेले पैसे कोण दाखवतं रिटर्नमध्ये? मी तर नसते दाखवले.

इशिताला फोनवर सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, जस्ट आस्क हर."

"तुला नाही कळायचं ते."

"ओके. देन आय कॅन कम होम. कम्युनिटी कॉलेजमध्ये जाईन, यू नो, लोक जातात. इट्स फाइन, आई."

ती 'इट्स फाइन' ज्या आवाजात म्हणाली ना, तो आवाज श्रीरंगचा होता. हॉस्पिटलात तो दर वेळी असंच म्हणायचा. ठीक आहे गं, चालतंय. मी फोन ठेवला आणि स्वतःला चांगल्या चार शिव्या घातल्या. माझा मान मोठा, की पोरीचं कॉलेज?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्याकडचे बारा म्हणजे त्यांच्याकडचे नऊ. काकूंनी फोन घेतला तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पौष, डिसेंबर, जानेवारी, अठराशे, ग्रँट. चेकवर गिफ्ट लिहिलं ते का लिहिलं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "काकू, तुम्ही त्या पैशांची कुठे काही नोंद… नसेल तर नसू द्या. तुम्हाला त्रास होईल असं काही करायचं नाहीये मला."

"पौषात मोडायची नाही म्हणून डिसेंबरात काढलेस?"

"हो."

"आणि पौषात भरलेस?"

"हो."

"शिकलेली आहेस ना गं तू?" काकू म्हणाल्या. "थांब. चष्मा आणते."

कपाटाचं दार वाजलं. मग कागदांची सळसळ. मग काकू वाचायला लागल्या, शाळेतल्या बाईंसारखं, एकेक शब्द सुटा करून, "तीस ऑगस्ट. मृणालिनीकडून मिळाले. डॉलर पाचशे एक. इशिताची खोली आणि जेवण. खाली माझी सही. पुढची वाचू?"

मी खुर्ची ओढून बसले.

"गेल्या वर्षाच्या पाच आहेत. दर चेकची एक. स्टेशनरीच्या दुकानातून पावतीबुक आणलं तेव्हाच. पैसे आले की पावती करायची, आमच्या ह्यांनी लावलेली सवय. श्रीरंगच्याही असतील कुठेतरी."

"मग मला कधी पाठवल्या नाहीत?"

"तुला पाठवल्या असत्या तर तू म्हणाली असतीस, काकूंनी शेवटी बिल केलंच."

"पण काकू, टॅक्स? हे उत्पन्न…"

"भरला. फेब्रुवारीतच भरला. त्या टॅक्सच्या दुकानातली पोरगीपण म्हणत होती, मॅम, चेकवर तर गिफ्ट लिहिलंय, मग कशाला दाखवता? मी तिला म्हटलं, चेकवर तिने माझा मान लिहिलाय. खरं काय ते मी सांगते, तू तेच लिही."

मी रडायला लागले होते. काकूंना ते ऐकू गेलं असणार, कारण त्यांचा आवाज एकदम चढला.

"हे बघ, नीट ऐक. भेट असती ना, तर पहिलाच चेक मी परत पाठवला असता. नवऱ्यामागे एकटी कमावतेस, घर चालवतेस, पोरीला शिकवतेस. तुझ्याकडून दर महिन्याला पाचशे डॉलरची भेट घेणारी मी कोण? भाडं होतं म्हणून घेता आलं. तुला भेट म्हटल्याशिवाय देववत नव्हतं आणि मला भाडं म्हटल्याशिवाय घेववत नव्हतं. मग म्हटलं, तू तुझ्या कागदावर काय लिहायचं ते लिही, मी माझ्या कागदावर लिहिते."

मी तीन वर्षं समजत होते की कुणाचं काही अंगावर न ठेवणं म्हणजे स्वाभिमान. आणि त्या बाईने सात महिने, दर महिन्याला, माझा स्वाभिमान सांभाळला होता, स्वतःच्या खिशातून त्यावर टॅक्स भरून. मला कळूही दिलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, थँक…" आणि मध्येच थांबले.

"हं," काकू म्हणाल्या. "पावत्या उद्या शाळेतून आल्यावर फॅक्स करते. कुकर उतरवायचाय."

सोमवारी संध्याकाळी फॅक्स आला. पाच पावत्या, आणि न मागता त्यांच्या रिटर्नचं ते एक पानही, ज्यावर खोलीच्या भाड्याचे दोन हजार पाचशे पाच डॉलर लिहिलेले होते. गुरुनाथकाकांनी प्रत्येक पावतीची तारीख बँकेच्या कागदाशी ताडून बघितली. एक बोट पावतीवर, एक बोट चेकवर. मग नव्याने गणित मांडलं. फीवर मिळणारी दुसरी एक सवलत त्यांनी सोडून दिली, कारण एकच खर्च दोन ठिकाणी दाखवता येत नाही. सगळं धरून वाढीतले एक हजार अठ्ठेचाळीस डॉलर आणि वर पन्नास सेंट माझ्या उत्पन्नात आले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आकड्याच्या साडेएक्कावन्न डॉलर आत," गुरुनाथकाका म्हणाले. पेनाचं टोपण लावून त्यांनी पावत्या पुन्हा हातात घेतल्या आणि म्हणाले, "चाळीस वर्षं हिशेब बघतोय. असली माणसं कागदावर फार कमी भेटतात." रिटर्न सतरा तारखेला गेला. राहिलेल्या रकमेवरचा टॅक्स आणि शंभरेक डॉलरचा दंड मी आनंदाने भरला. दंड आनंदाने भरणारी मी त्या वर्षी अमेरिकेत एकटीच असेन.

जूनमध्ये ग्रँटचं पत्र आलं. इशिताने ते फोनवर वाचून दाखवलं, मग तिला म्हटलं पुन्हा वाच. तिने काकूंना सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या म्हणे, "मग? जायचं कुठे होतं पोरीला?"

ऑगस्टमध्ये इशिताला सोडायला मी चँडलरला गेले. श्रीरंग गेल्यानंतर पहिल्यांदाच. निघण्याआधी दोन दिवस मी काकूंसाठी काय न्यायचं याच्या याद्या करत होते. साडी, चांदीचं निरांजन, जर्सीतल्या दुकानातली मिठाई. पण काकूंनी इशिताकडून निरोप पाठवला होता, तिला म्हणावं हात हलवत ये, नाहीतर दार उघडणार नाही. त्या खरंच उघडणार नाहीत याची मला खात्री होती. तशीच गेले. विमानतळापासून सगळी वाट मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

पोचल्यावर मी आधी तोच विषय काढला. म्हटलं, "काकू, आता सरळ बोलू या. या वर्षी भाडं किती?"

"पाचशे," काकू म्हणाल्या. "आणि पोर बाथरूमचा दिवा घालवत नाही, तिला सांगून जा."

"आजी! आय डू!" इशिता आतून ओरडली.

"आणि चेकवर रेंट लिही. देवांना मध्ये आणू नकोस."

मग त्यांनी ताटं घेतली. वरण, भात, लिंबू, तव्यावरची गवारीची भाजी, घरचं तूप. मी म्हटलं, मी वाढते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. दिवसभर दोनशे मुलांना वाढून आलेली बासष्ट वर्षांची बाई मला वाढत होती, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं. हे मी उद्या फेडणार नव्हते, दिवाळीला फेडणार नव्हते, कधीच फेडणार नव्हते. मी वरणभाताचा पहिला घास घेतला. वरणाबद्दल श्रीरंग खोटं बोलत नव्हता.

"आणखी घेतेस?" काकूंनी विचारलं.

एरवी मी नको म्हणते. कुणाच्याही घरी, पोट भरलेलं असो वा नसो.

मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "घाला. भात जरा जास्त घाला."